तोंड दाखवू नकोस

प्रिय भिंगरी,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट बाजूला ठेवू नकोस, वाच. तुला लेकीकडे जाऊन अकरा महिने झाले. त्या दिवशी साखरेच्या डब्यावरून मी जे बोलले आणि दारात वर जे ऐकवलं, ते तू विसरली नसशील. मीही नाही. पण आधी दातांचं सांगते. ऐकून हसशील, आणि हसताना सवयीने तोंडावर हात ठेवशील. त्या हाताबद्दलही मला बोलायचं आहे.

तू गेल्यावर माझी वरची डावी दाढ हलायला लागली. हिरड्यांतून रक्त तर चार वर्षं येतच होतं. बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसली की तू म्हणायचीस, ताई, तुझी जीभच लागत असेल. मी काय केलं, तर जिथे रक्त येतं तिथे ब्रश लावणंच सोडलं. दुखऱ्या जागेला हात लावायचा नाही, हा आपल्या घरचा जुना शहाणपणा. शिवाय माझ्या दातांचा मला भारी तोरा. कॉन्व्हेंटमध्ये दर सोमवारी सिस्टर आम्हाला रांगेत उभं करून दात आणि नखं बघायच्या आणि मला पुढे बोलावून सगळ्या वर्गाला माझे दात दाखवायच्या. त्या एका शाबासकीवर मी सत्तरीपर्यंत आले. दातांच्या डॉक्टरची पायरी काही चढले नाही.

शेवटी चढले. दातांच्या डॉक्टरीणबाई वयाने तुझ्या लेकीएवढ्या. बोलायला गोड, पण हात कडक. खुर्ची मागे टेकवली, दिवा डोळ्यांवर आणला आणि बारीक खुणा केलेली एक सळई दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत घालून मोजायला लागल्या. मोजायचं आणि मदतनीस मुलीला आकडा सांगायचा. तीन, दोन, तीन, पाच, सहा, सहा. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी असेच आकडे घेत होते. माझ्याच तोंडातून कोणीतरी ट्रंककॉल लावतंय असं वाटलं. तीनपर्यंत ठीक, पुढे लक्षण बरं नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं. ते ऐकण्याआधीच, सहा ऐकल्यावर मुलीचं पेन थांबलं होतं, त्यावरून मी काय ते समजले.

मग त्यांनी विचारलं, साखर आहे का? मी चाटच पडले. मी ते फॉर्मवर लिहिलं नव्हतं. म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? दाढेचं बघा. बाई शांतपणे म्हणाल्या, आजी, या सुजलेल्या हिरड्या उलगडून मांडल्या तर तळहाताएवढी जखम होईल. तळहातावर एवढी जखम चार वर्षं वाहत असती तर तुम्ही गप्प बसला असतात का? ही जखम साखर आटोक्यात येऊ देत नाही, आणि चढलेली साखर जखम भरू देत नाही. दोघी एकमेकींना चढवत बसतात.

दोघी भांडकुदळ बहिणी. माझ्या मनात आधी तेच आलं.

आता माझा संताप ऐक. साखरेच्या डॉक्टरांकडे मी नऊ वर्षं जाते. ते पायाची बोटं बघतात, डोळे तपासायला पाठवतात, लघवी तपासतात. नऊ वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत की आ करा. जणू तोंड हा शरीराचा भागच नाही, शेजाऱ्यांचा आहे! पुढच्या खेपेला मी त्यांना तसं सुनावलं. ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी माझ्या कागदावर वरच एक ओळ लिहून घेतली. आता बाहेरच्या बाकावरच्या बायकांनाही ते हिरड्यांतून रक्त येतं का म्हणून विचारतात. मी कान देऊन ऐकलंय.

इलाज चार खेपांत झाला. हिरडी बधिर करून खालचं किटण खरवडून काढलं. तू म्हणायचीस ना, दात साफ केले की सैल होतात? सैल ते आधीच झालेले असतात, किटणाने नुसते लेपून धरलेले असतात. दाढ वाचली. थोडी हलते, पण आहे. आता मऊ ब्रश, दोन्ही वेळा, हिरडीच्या कडेला तिरपा धरून, आणि रक्त येतं तिथेच आधी. फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशासारखा एक इवलासा ब्रश मिळतो. दोन आठवड्यांत थुंकी पांढरी झाली. दर तीन महिन्यांनी बाईंना दाखवायचं, कारण हे दुखणं दबा धरून बसतं. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर होती, ती साडेआठवर आली. सगळी करामत हिरड्यांची नाही, गोळी आणि चालणं आहेच, असं दोन्ही डॉक्टर म्हणतात. खोटं कशाला सांगू?

आणि आता तो डबा. साखर उतरत नाही म्हणून मी तुझ्यावर नजर ठेवली. डब्यावर पेन्सिलीने रेघ मारली, मग कुलूप लावलं, आणि एका सकाळी म्हणाले की तू माझ्या चहात साखर घालतेस, मला मारायला टपली आहेस. तू म्हणालीस, ताई, ती मी माझ्या चहात घालते. दोन चमचे. लहानपणापासून घेतेस, मला माहीत होतं. तरी दारात म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस.

दाताच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मला तुझा निरपराधीपणा कळला, असं लिहून मोकळी होता आलं असतं. तसं झालेलं नाही. तू गेल्यावर तीनच महिन्यांनी रिपोर्ट आला, तेव्हाच साखर आणखी चढलेली होती. चहा माझ्या हातचा, डब्याला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. त्या दिवशीच मला सगळं कळलं. नंतर आठ महिने मी दुखऱ्या जागेला हात लावला नाही. दोनदा फोन केला. तू हॅलो म्हणालीस आणि मी ठेवून दिला. असं करणाऱ्या लोकांना मी एक्स्चेंजमध्ये काय काय म्हणायची, तुला आठवत असेल. चूक माझी होती, भिंगरी. सगळी. परवा बाईंनी विचारलं, सख्खी बहीण आहे का, हे घराण्यात असतं. तेव्हा मला तुझा तोंडावरचा हात दिसला. पुढचे दात फाकलेत म्हणूनच ठेवतेस ना? मी पंधरा तारखेची वेळ दोघींच्या नावाने घेतली आहे. कुलूप काढलंय, डबा भरलाय. ये आणि तोंड दाखव. आधी मला, मग बाईंना.

तुझीच तोंडाळ,
ताई