न दिलेल्या पेपरचे सतरा गुण

३ फेब्रुवारी, मंगळवार
बोर्डावर टी.वाय.चे इंटर्नल लागले. कॉस्टिंगमध्ये मला वीसपैकी सतरा. आधी उडीच मारली. मग आठवलं, टेस्टच्या दिवशी आम्ही पालघरला मॅच खेळत होतो. पेपर दिलाच नाही मी. फुटबॉल टीममधल्या सहाही टी.वाय.वाल्यांना सतरा. सगळ्यांना सारखेच.
आईने विचारलं, "पास हायेस ना गो?" हो म्हटलं.

५ फेब्रु.
कल्याणच्या कॉलेजशी सेमी. ३-१ जिंकलो. त्यांची मेन स्ट्रायकर बाहेर बसली होती, घरच्या कपड्यांत. दुखापत वगैरे नाही. टेस्टमध्ये नापास तर मॅच नाही, असा त्यांच्याकडे नियम. आमच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मीपण.
नंतर नळावर त्यांची कॅप्टन भेटली, ऋचा. "आमच्या मागच्या बॅचच्या सगळ्या ग्रॅज्युएट झाल्या. तुमच्या?"
मी बाटली भरत राहिले. एकही नाव आठवेना.

८ फेब्रु., रविवार
काल्हेरला गेले, वैशालीताईला भेटायला. मी एफ.वाय.ला होते तेव्हाची आमची कॅप्टन. आता गोडाऊनमध्ये पॅकिंगला. शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. अजून पाच विषयांच्या केटी बाकी. म्हणाली, "इंटर्नलचे गुण स्पोर्ट्सचे सर मिळवून देतात गं. विद्यापीठाच्या पेपरात कोण देणार? तीन तास नुसती घड्याळाकडे बघत बसले होते." सुपरवायझरच्या जागेला डिग्री मागतात, हिने फॉर्मच भरला नाही.
"मला तेव्हाच कुणी नापास केलं असतं ना, तर बसून वाचलं असतं मी."


१० फेब्रु.
कॉस्टिंगचं पुस्तक उघडलं. जुना टेस्ट पेपर घड्याळ लावून सोडवला. स्वतःच तपासला. विसात चार.
मुख्य परीक्षा एप्रिलमध्ये. ग्राउंडवर एवढी भीती कधी वाटली नाही. तिथे बॉल कुठून येतोय ते दिसतं तरी.

१३ फेब्रु., शुक्रवार
२० ला विद्यापीठाची समिती येणार. खेळाडूंच्या उत्तरपत्रिका बघणार. स्पोर्ट्सच्या सरांनी आम्हा सहाजणींना जिमखान्यात बोलावलं, दार लावलं. कोऱ्या उत्तरपत्रिका, फळ्यावर उत्तरं. "उतरवून काढा. तारीख जानेवारीची टाका. मी आहे ना."
सगळ्या लिहायला लागल्या. मी नाव लिहिलं, रोल नंबर लिहिला. तारखेशी हात थांबला. पोट दुखतंय सांगून उठले. ते काही खोटं नव्हतं.

१४ फेब्रु.
नाझनीन वाट अडवून उभी. आमची गोलकीपर, शाळेपासूनची माझी मैत्रीण. "तू नहीं लिखेगी तो हम सब फँसेंगे. समझती है क्या?" तिच्या घरी ठरलंय, यंदा पास झाली नाही तर लग्न. रडली असती तर बरं झालं असतं. नुसती बघत होती.
मी कुणाचं भलं करतेय? की फक्त...

१६ फेब्रु., सोमवार
सरांचा फोन. ओरडले नाहीत. फार गोड बोलले. "शनिवारी फायनल आहे बेटा. तुझी जर्सी दुसरीला देऊ का?" मग, "का मीच येऊन तुझ्या वडिलांशी बोलू?"
बाबांनी अख्ख्या कोन गावात सांगून ठेवलंय, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. फोन कट झाला तरी मी तो कानालाच धरून बसले होते.

१८ फेब्रु., बुधवार
गेले. देशमुख मॅडमकडे, कॉस्टिंग त्याच शिकवतात. म्हटलं, "मॅडम, त्या सतरावर तुमची सही आहे."
त्यांनी उठून दार ओढून घेतलं. खिडकीही लावली. मला वाटायचं भीती फक्त आम्हालाच. म्हणाल्या, "माझी नेमणुकीची ऑर्डर दरवर्षी नव्याने निघते. कळतंय का तुला?" कपाटातून कोरी उत्तरपत्रिका काढली. मग, "आत्ता देशील पेपर? आजची तारीख घालून?"
तासभर लिहिलं. त्यांनी समोरच तपासलं. सात. पासिंगला आठ लागतात.
त्यांचं पेन अजून हातातच. "एक देऊ?"
तोंडातून घरचंच निघालं, "न्हाय मॅडम."
बाहेर पडल्या पडल्या वाटलं, मूर्ख आहेस तू. जिन्यात बसून रडले.

१९ फेब्रु.
टीमच्या ग्रुपमधून मला काढलं. सर समोरून आले, तोंड फिरवून गेले. रात्री जेवताना आईला सगळं सांगून टाकलं. तिला कॉस्टिंग कळत नाही. एवढंच म्हणाली, "तुला काढून टाकतील का गो?" माहीत नाही म्हटलं. तिने स्वतःचं ताट बाजूला सारलं. तिथेच बसून राहिली.

२० फेब्रु., शुक्रवार
साडेदहा. ऑफिसबाहेर बाकावर लिहितेय. समिती आत, हवं तिला बोलावून विचारणार म्हणे. मॅडमही आत, पाऊण तास झाला. फायलीत पाच सतरा असणार आणि माझे सात. मॅडमनी माझा पेपर खरंच लावलाय की फाडून टाकलाय, कोण जाणे.
नाझनीन आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, मांडीवर कॉस्टिंगचं पुस्तक. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "ये ओवरहेड क्या होता है?"
सांगायला लागले. मलाही धड येत नाही. फॅक्टरीचं भाडं, लाइट बिल असलं काहीतरी सांगत होते, तेवढ्यात शिपाई बाहेर आला. नाव पुकारलं. माझं नाही, तिचं.
तिने पुस्तक माझ्या हातात दिलं, ओढणी सारखी केली आणि आत गेली. दार लागलंय. आतलं काही ऐकू येत नाही.