मुलगा फरार नसून मेला आहे, असे जाहीर होण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
पदके व फरार कर्मचारी शाखा,
नौदल कार्यालय.

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र, आणि त्याआधीचीही.

महोदय,

१. माझा मुलगा युद्धात जहाजावर इंजिनाला तेल घालायच्या कामावर होता. आग लागली तेव्हा राखीव दलातील लेफ्टनंटसाहेबांनी (एरवी आमच्याच गल्लीतले दातांचे डॉक्टर) इंजिनखोलीचे दार बाहेरून लावून जहाज वाचवले. त्यांना शौर्यपदक मिळाले. मानपत्रात "शेवटचा माणूस बाहेर काढून मगच दार लावले" असे छापले आहे. मुलगा घरी आला नाही. बाहेर काढलेला माणूस कामावर हजर नाही, म्हणजे पळाला, असा निष्कर्ष आपल्या शाखेने काढला. त्यात चूक काढण्याची माझी प्राज्ञा नाही.

२. तेव्हापासून पोलीस येऊन पलंगाखाली बघतात. हिला आता सवय झाली असून ती आधीच तिथला केर काढून ठेवते. सुनेला नवरा आहे की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्या शाखेवर अवलंबून आहे.

३. मी शिंपी आहे. पदकाच्या वजनाने कोट ओघळतो म्हणून साहेब आतून जाड कापड लावून घ्यायला आले होते. माप घेता घेता मी विषय काढला. ते म्हणाले, "होता हो काका तो आत. बराच वेळ ठोकत होता. पण उघडलं असतं तर सगळेच गेलो असतो." याबद्दल तक्रार नाही. कोट अंगावर नीट बसला.

४. मुलगा आत होता असे मानल्यास मानपत्र खोटे ठरते, आणि दिलेले पदक परत घेण्याची तरतूद नाही, असे आपण कळवलेत. म्हणून सर्वांच्या सोयीचा तोडगा सुचवतो. साहेबांनी त्याला बाहेर काढले. तो हुकूम मोडून, राहिलेली टोपी आणायला पुन्हा आत शिरला. मूर्खपणा त्याचाच. साहेबांनाही हे पटले. फक्त म्हणाले, "टोपी नको, सिगारेटचं पाकीट लिहा. लोकांना खरं वाटेल." मुलगा सिगारेट ओढत नव्हता. तरी तसे लिहीत आहे.

५. तो आत जाताना साहेबांना दिसला नाही व नंतरचे ठोकणे ऐकू आले नाही, असेही नोंदवून घ्यावे. घरातले कोणी हरकत घेणार नाही.

तरी त्याला मेलेला धरावे, एवढीच विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
फरार खलाशाचा बाप

सोबत : मुलाच्या आईचे संमतीपत्र, अंगठ्यासह. (सिगारेटची ओळ तिला वाचून दाखवलेली नाही.)