पाणी राहू दे

बुधवार, ८ नोव्हेंबर १९६७
सहामाहीचे पेपर तपासायचे तसेच पडलेत. पडू देत. सकाळी ह्यांना खंडाळ्याहून ड्यूटीवरूनच दवाखान्यात आणलं, छातीत दुखतं म्हणून. दुपारी बोलता बोलता मान टाकली. डॉक्टर कॉटवर चढून दोन्ही हातांनी छाती दाबायला लागले. सिस्टर तोंडाला रबरी फुगा लावून वारा भरत होत्या. आम्हाला कुणी बाहेर काढलं नाही. सासूबाईंना वाटलं, संपलं. पिशवीतून शिशी काढली, सिस्टरना ढकललं आणि तुळशीचं पाणी पोराच्या तोंडात ओतलं. ते घशात गेलं. डॉक्टर ओरडले. ह्यांना कुशीवर वळवून पाणी काढलं, परत दाबायला सुरुवात. आले. श्वास घेतायत.
डॉ. म्हणाले, पुन्हा अशी वेळ आली तर नातेवाईक बाहेर. सगळे. म्हणजे मीही. मी काय केलं होतं? पाय धरून उभी होते फक्त.

गुरु. ९
सासूबाईंशी बोलत नाहीये. मळवलीला घरी जा म्हटलं, हलल्या नाहीत. संध्याकाळी आपणहून म्हणाल्या, "म्हातारा गेला तवा दवाखान्याचं दार लावलं व्हतं. कोरड्या तोंडानं गेला. पोराचं तसं न्हाई होऊ देनार."
"ते गेलेले नाहीत, आत्याबाई!" मी ओरडलेच. व्हरांड्यातली माणसं बघायला लागली. बघू देत.
ह्यांचा आवाज अगदी बारीक. "पाय कुणी धरला होता? तू ना? परत झालं तर सोडू नकोस." हो म्हटलं. कुणाच्या परवानगीनं म्हटलं, देव जाणे.

शुक्र. १०
डॉ.ना गाठलं. "बाई, तुम्ही शिक्षिका. तुम्हाला कळायला हवं." म्हटलं, कळतंय म्हणूनच विचारते. दाराबाहेर उभी राहिले तर मला वेड लागेल. शेवटी म्हणाले, "तुम्ही एकट्या. पायाशी. मधे यायचं नाही. आजी नकोत."
सासूबाईंना सांगितलं. भांडतील वाटलं होतं. शिशी माझ्या हातात दिली. "मंग तूच घाल. पर घाई करू नगं. तुला पटंल तवाच." नको म्हटलं तर रडायला लागल्या. घेतली. म्हणजे आता संपलं कधी, ते मी ठरवायचं. कसं ठरवतात?

शनि. ११
सकाळी ह्यांचं हृदय पुन्हा बंद पडलं. मी आत होते. पाय धरला, गार. डॉ. घामाघूम. बरगडी मोडल्याचा आवाज आला, मी ऐकला. मग ते थांबले. माझ्याकडे बघितलं. शिशी कमरेला टोचत होती. मी म्हटलं, "थांबू नका. पाया पडते तुमच्या." परत सुरू केलं. खूप वेळानं नाडी लागली. डोळे मात्र उघडले नाहीत.
बाहेर आले तर सासूबाई दाराला टेकून.
"घातलंस पानी?"
"नाही."
"मंग हाय त्यो." आणि तिथंच खाली बसल्या.

रवि. १२
शुद्ध नाही. डॉ. विचारतात, पुन्हा बंद पडलं तर दाबू का? शुद्धीवर येतीलच असं सांगता येत नाही म्हणे. संध्याकाळपर्यंत सांगा. दाबा म्हणावं तर त्या बरगड्या. नको म्हणावं तर. छे.
दुपारी सासूबाईंना घटकाभर आत सोडलं. ह्यांचे ओठ सुकून भेगा पडल्यात, म्हणून सिस्टर कापसाचा ओला बोळा लावायला गेल्या. सासूबाईंनी त्यांचं मनगटच धरलं.
"नगं बाई. पानी नगं अजून."
सिस्टर म्हणाल्या, अहो आजी, नुसते ओठ ओले करते. सोडेनात. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं.
मीही म्हटलं, राहू दे.