न उलगडलेली सुधारणा आणि रूपालीची पत्रिका

पंचवटी, नाशिक
फेब्रुवारी २००५

तीर्थरूप धोंडीराम दाजींना धाकटा मेहुणा भिमाजीचा नमस्कार. कुसाताईचा गुडघा कसा आहे? सटाण्याकडे कांद्याला थंडी मानवली असेल. आम्ही सगळे खुशाल. कॉम्प्युटर तेवढा आजारी आहे.

रूपालीच्या लग्नाची पत्रिका मामाने स्वतःच्या कॉम्प्युटरवर करायची, हा मान तुम्ही मला दिलात. पत्रिका सजलीही (गणपतीची सोंड मी दोन वेळा वळवली). उद्या छापायची, तर दुरुस्तीवाला वाल्मीक सीडी घेऊन हजर. "भिमाभाऊ, व्हायरस सुटलाय. कंपनीची सुरक्षेची सुधारणा आहे, म्हणजे अपडेट. डोळे झाकून टाका."

डोळे झाकून? दाजी, आपण मळेकरी माणसं. टोमॅटोची जाळी पालथी करून तळ बघतो. वरचा थर काय, सगळेच चांगला लावतात (आपणही). मी सीडीवरची माहिती वाचली. कंपनी म्हणते, 'काही दोष दूर केले आहेत.' कोणते? किती? दोष त्यांचा, कॉम्प्युटर माझा, आणि मलाच सांगायचं नाही! शिवाय त्याच गठ्ठ्यात गाणी ऐकायचा नवा प्रोग्रॅम कोंबलेला. (औषधाच्या पुडीत फुटाणे!) मी म्हटलं, निवडून घेईन. वाल्मीक हसला, "ही काय मेथीची जुडी आहे का, भाऊ?"

पण मी स्वतः शिकलेला माणूस (एकाही क्लासची पायरी चढलो नाही, हे तुम्ही जाणताच). सुधारणा टाकली आणि ज्या फायलींचा खुलासा नव्हता त्या पिवळ्या पानांसारख्या खुडून काढल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळा पडदा, त्यावर एक ओळ: अमुक फाईल सापडत नाही. पूर्ण नावासकट! म्हणजे कंपनीला खुलासा करता येतो, फक्त माणूस मेल्यावर.

आमची सौ. छाया विचारते, "आता दाजींना काय तोंड दाखवणार?" मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, "तत्त्वाला अक्षता टाकायला कोण येणार?"

तरी पत्रिकेची चिंता नसावी.

आपला,
भिमाजी

ता. क. मजकूर मला तोंडपाठ आहे. फक्त नवऱ्या मुलाचं नाव, मुहूर्त आणि कार्यालय एवढं पुन्हा कळवावं.

पुन्हा ता. क. छायाने पत्र वाचलं. तिच्या आग्रहाखातर लिहितो: वाल्मीक आता सगळं पुसणार आहे, पत्रिकेसकट, आणि कॉम्प्युटर नव्याने भरणार आहे. तेव्हा ती सटाण्यातच छापून घ्या. मात्र छापखानेवाल्याने ती सुधारणा मुकाट्याने, अख्खी टाकली आहे ना, एवढं आधी विचारा. चौकस माणूस असेल तर दुसरा छापखाना बघा.