तुझ्यासाठी बघितलेलं घर

वाशिंद,
रविवार

प्रिय नम्रता,

तुझ्यासाठी घरं बघून बघून माझ्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली, आणि तू गावात ओटीवर बसून नुसत्या अटी वाढवते आहेस. आधी म्हणालीस, दोन खोल्या पुरे. मग म्हणालीस, नेहाला चालत जाता येईल अशी शाळा हवी. आणि गेल्या आठवड्यात शेवटची अट घातलीस, की बाकी काही नसलं तरी चालेल, ताईच्या, म्हणजे माझ्या, दाराला दार लागून हवं. साईनाथभाऊजींना विचारलं तर ते म्हणतात, वहिनी, कंपनीच्या जवळ बघा, दुसरं काही नको. त्यांचं बरोबर आहे. नोकरीत कायम झाल्यावर सुद्धा तिथल्या पोरांबरोबर एका खोलीत राहायचं आणि आठवड्याने घरी यायचं, म्हणजे कंटाळा येणारच. पण पुरुषमाणसाला घर म्हणजे पाठ टेकायची जागा. दिवसभर त्या घरात राहायचं असतं ते आपल्याला. म्हणून तुझं घर मी माझ्या पद्धतीने बघितलं, आणि ती पद्धत मला इथे आल्यावरच कळली.

आम्ही हे घर घेतलं तेव्हा मला काही कळत नव्हतं. हे एजंटला विचारत होते, पाणी किती वेळ येतं, स्टेशन किती लांब, लोन कुठली बँक करेल. आमची भावना विचारत होती, क्लास जवळ आहे का. मी जिन्यात उभी. मला ही बिल्डिंग पसंत पडली ती जिन्यावरच्या चपला बघून. एकेका दाराबाहेर चपलांचा हा ढीग. आपल्याकडे बाहेर एवढ्या चपला दिसल्या तर आत बारसं नाहीतर सुपारी फुटत असते. मला वाटलं, किती माणसांचं येणंजाणं आहे इथे, आपल्याला कधी करमणार नाही असं होणार नाही. मीच यांना कोपर मारून म्हटलं, हेच घ्या. नंतर कळलं, चपला बाहेर असतात कारण आत ठेवायला जागा नसते. दार लावलेलंच असतं. त्या चपला घरातल्याच माणसांच्या, पाहुणा महिन्यात एखादा.

फोनवर मी मजेत असते, ते तू खरं मानू नकोस. हे शिफ्टला जातात, भावना शाळा आणि क्लास करून दिवेलागणीला येते. मधल्या वेळात माझ्याशी बोलणारा माणूस एकच, कचरा न्यायला येतो तो. तो म्हणतो "कचरा", मी म्हणते "आले". झालं आमचं बोलणं. एकदा तर मी त्याला घरचं कसं काय विचारलं, तर बिचारा घाबरला, त्याला वाटलं मी काही तक्रार करते आहे. दुपारी मी कुकरला शिव्या घालते, फरशीवर सांडलेल्या दाण्यांना शिव्या घालते. तू इथे असतीस तर त्या तुला घातल्या असत्या आणि दोघींचा वेळ बरा गेला असता. खरं सांगते, मला इथे फार एकटं वाटतं. भरलेल्या बिल्डिंगमध्ये वाटतं, याचा जास्त राग येतो.

संक्रांतीनंतरची एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये नवीन माणसं राहायला आली. खाली टेम्पो लागला, सामान वर चढायला लागलं, आवाज ऐकून मी पदर खोचला आणि भावनाला म्हटलं, चल. आपल्याकडे कोणाची कौलं उतरायला लागली तर बोलावण्याची वाट बघतो का आपण? आज त्यांचं घर शाकारायला आपण, उद्या आपलं शाकारायला ते. सावड म्हटलं की बोलणं संपलं. तर मी गेले. डबे वर आणले, ओटा पुसला, त्यांची भांडी विसळून फळीवर लावली, लादी पुसून काढली. भावना मध्येच लाजून निघून गेली, तेव्हा मला कळायला हवं होतं. संध्याकाळी त्या बाई मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही काम फार स्वच्छ करता. आमच्याकडे उद्यापासून नऊ वाजता जमेल का? भांडी आणि लादी. किती घेता?" बाई वाईट नाहीत गं. अगदी गोड बोलल्या. त्यांच्या डोक्यातच आलं नाही, की कोणी उगीच येऊन काम करतं.

मी ते रात्री हसत हसत यांना सांगितलं. हेही हसले. म्हणाले, तुला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला, हे काय आपलं गाव आहे? विषय संपला. पण घर बघताना काय बघायचं ते मला त्या दिवशी कळलं.

आता तुझी घरं. हायवेकडचं एक बघितलं, खाली वेल्डिंगचं दुकान, दिवसभर ठिणग्या आणि ठणठण. नेहा झोपायची नाही. दुसरं स्टेशनजवळ, भाऊजींच्या मनासारखं, पण मालकीण आधीच म्हणाली की पाहुणे फार नकोत. मी मनात म्हटलं, बाई, आमचे सासरे भात घेऊन येतील तेव्हा त्यांना काय प्लॅटफॉर्मवर झोपवू? तिसऱ्याच्या स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. तिथे तू सुकट भाजलीस तर फायर ब्रिगेड येईल.

आणि मग आमच्या शेजारची खोली रिकामी झाली. होय, अगदी दाराला दार. होळीनंतर ते लोक कल्याणला गेले. मालकाने यांना विचारलं, तुमचं कोणी आहे का, ओळखीचे असतील तर भाडं कमी करतो. मी चावी मागून आत जाऊन आले. एकदा नाही, चार-पाचदा गेले. तिची स्वयंपाकघराची खिडकी आणि माझी खिडकी समोरासमोर आहेत, हात लांब केला तर वाटी देता येते. मी त्या रिकाम्या खोलीत उभी राहून ठरवून टाकलं, तुझा पाटा कुठे मांडायचा, पाळणा कुठल्या हुकाला टांगायचा. आपण दोघी एका चुलीवर इतकी वर्षं काढली. मीठ कोणी जास्त घातलं यावरून आठ-आठ दिवस बोललो नाही, पण भाकरी एकमेकींच्या ताटात टाकतच होतो. तो अबोला सुद्धा मला इथे गोड वाटतो. भावनाने तर जाहीर केलंय की ती अभ्यासाला काकीकडे बसणार. हे म्हणाले, मग काय, सांगून टाक तिला. मी म्हटलं, थांबा.

नम्रता, नेहा झाली तेव्हाचं आपण दोघी कधी बोललो नाही. तू बोलायची नाहीस म्हणून मीही बोलले नाही. आता तुला पाचवा महिना आहे, म्हणून बोलते. बारशानंतर तू भिंतीकडे तोंड करून पडलीस ती दोन महिने पडलीस. पोर रडायची, तू बघायची सुद्धा नाहीस. भाऊजींना वाटलं अशक्तपणा आहे, सासूबाईंना वाटलं नजर लागली. डॉक्टरने गोळ्या दिल्या. तुझी आई नाही, म्हणून माहेरी पाठवायचा प्रश्न नव्हता. मी होते. मी तुला भरवलं, न्हाऊ घातलं, ओरडले, रडले, पाया पडले म्हण. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मला तेव्हा वाटायचं, एक दिवस ही विहिरीकडे जाईल. मी रात्री तुझ्या उंबऱ्यात अंथरूण टाकायचे ते गरम होतं म्हणून नाही.

तुला त्यातून मी बाहेर काढलं असं सगळे म्हणतात. मी नाही काढलं. मी एकटी पुरले नव्हते. सकुबाई रोज सकाळी नेहाला तेल लावायला यायची, न सांगता, आणि तेल लावताना नवऱ्याच्या खोड्या सांगायची. शेजारच्या पोरी नाचणी निवडायला आपल्याच पडवीत बसायच्या. कोणी शिळं ताक मागायला, कोणी नुसती डोकवायला. तू उत्तर दे न दे, त्या बोलत राहायच्या. आणि एक दिवस सकुबाईच्या कुठल्याशा चावट बोलण्यावर तू भिंतीकडे तोंड ठेवूनच हसलीस. मी तेव्हा भाकरी थापत होते, ती भाकरी जळली. आता भादव्यात दुसरं येईल. ते पुन्हा होईल असं नाही, होऊ नये म्हणून मी देवाला रोज सांगते. डॉक्टरांनाही तू आधीच सांग, लाजू नकोस. पण झालंच, तर ते या बिल्डिंगमध्ये होऊ नये. दुसऱ्या मजल्यावर, बंद दाराआड, दोघींचे नवरे शिफ्टला. तू शेजारी आलीस तर मला तू मिळशील. तुला मात्र फक्त मीच मिळेन.

मी भाजीवालीला विचारून नदीकडच्या जुन्या आळीत गेले. चंद्रकला नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या दोन खोल्या आहेत. वर पत्रा, उन्हाळ्यात तापणार, हे आधीच सांगते. संडास मागच्या अंगणात. फरशी एका ठिकाणी फुटलेली. शाळा बरी लांब आहे, नेहा कुरकुरेल. मी गेले तेव्हा ओटीवर सात-आठ बायका मसाल्याच्या मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या, सगळ्या शिंकताहेत आणि एकमेकींना हसताहेत. मी काही विचारलं नाही. चप्पल काढली, सुपातल्या मूठभर मिरच्या ओढल्या आणि देठं खुडायला लागले. मला बघायचंच होतं, या काय करतात.

कोणी मला किती घेता विचारलं नाही. कोण तू, असंही लगेच विचारलं नाही. एकीने सरकून जागा केली. बऱ्याच वेळाने म्हातारी म्हणाली, "कंच्या गावची गो तू?" मी सांगितलं, सिद्धगडाच्या पायथ्याची. खोली जावेसाठी बघते, तिला पाचवा आहे. "मग तिनं हंडा नाय उचलायचा," म्हातारी म्हणाली, "आमी हाव ना." भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं. उठताना माझे हात आगीसारखे झाले होते, तिने हातांना तेल लावायला दिलं आणि म्हणाली, "परवा माझे पापड हायेत, ये गो. नि तुझं काय असलं तं सांग, आमी येव." इतक्या महिन्यांत, तुझ्याही कामाला आम्ही येतो, असं मला कोणी म्हणालं नव्हतं. मी नदीच्या पुलावर येऊन रडून घेतलं आणि मग घरी गेले.

तुला वाटेल, ताई स्वतः का नाही जात तिथे. आमचं लोन आहे, हे घर आता वीस वर्षं गळ्यात. आणि आळीपासून माझं घर चांगलं लांब, स्टेशन ओलांडून पलीकडे. मी येईन अधूनमधून, पाहुणीसारखी. अजून एक सांगते, यांना सांगू नकोस. समोरच्या बाईंना मी त्या दिवशी नाही म्हटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी त्यांच्या दारात उभी होते, आणि अजून रोज जाते. कामाची लाज नाही मला. परक्याच्या शेतात लावणीला आपण गेलोच की, पण तिथे मालकीणही आपल्याबरोबर चिखलात वाकलेली असायची आणि तोंड सुरू असायचं. इथे बाई माझा चहा ओट्यावर ठेवतात आणि फोन घेऊन आत जातात. तरी मी जाते. या बिल्डिंगमध्ये माझ्यासाठी उघडलेलं तेवढं एकच दार आहे.

तर काल मी चंद्रकलाबाईंच्या हातावर तुझ्या नावाने विसार ठेवला. शेजारच्या मालकाला सांगितलं, आमची माणसं येत नाहीत, तुम्ही दुसरं कोणी बघा. हे म्हणतात, तुझं डोकं फिरलंय. हे पत्र वाचल्यावर तू चिडशील, रडशील आणि लगेच फोन लावशील. मी उचलणार नाही. शेजारची खोली भाड्याने जाईपर्यंत उचलणार नाही. फोनवर तू नुसतं "ताई" म्हणालीस तरी मी "ये" म्हणून बसेन, म्हणून हे लिहून पाठवलं.

तुझीच,
माधुरी