उजव्या हातातली मेणबत्ती

११ एप्रिल
व्हिसा आला, फादरांचा फोन. म्हणजे त्यांच्या गटाबरोबर जायचं नक्की. रवांडा. तीसेक वर्षांपूर्वी तिथं शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना कापलं, आणि आता तेच लोक पुन्हा भिंतीला भिंत लावून राहतात म्हणे. फादरांना वाटतं, ते बघून माझं मन वळेल. मला फक्त खरं-खोटं बघायचंय.
पेद्रू म्हणाला, "जाऊन ये. घरात बसून जोएल परत येनार नाय."
नवरा असून असं बोलतो. जोएल त्याचाही मुलगा होता.

१४ एप्रिल
सॅबी तुरुंगातून सुटला. शेजारी त्याच्या आईच्या, मोनिकाच्या, ओट्यावर बसलेला दिसला. बारीक झालाय. दारू पिऊन टेम्पो चालवला ह्यानं, आणि माझा जोएल गेला. चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनच्या विधीला दोघं शेजारी उभे होते, एकसारखे पांढरे शर्ट. ते शर्ट मीच शिवलेले.
मोगऱ्याला पाणी लावलं होतं. मोनिका कुंपणापाशी आली. "मरीबाय, एकदा ऐक तरी…"
मोटर बंद केली आणि घरात आले. अर्धा मोगरा कोरडाच.

१९ एप्रिल
बॅग भरली. तिकडच्यांना द्यायला आगाशीची सुकेळी घेतली. पेद्रू हसायला लागला. "तिथं केळीच केळी हायत, आनि तू केळीच नेतेस!" बऱ्याच दिवसांनी हसला. म्हणून काढली नाही.

२३ एप्रिल, किगाली
टेकड्या, पाऊस, जिकडे तिकडे केळीच्या बागा. क्षणभर आपल्या गावात, वटारमध्येच आहोत असं वाटलं.
दुपारी एका चर्चमध्ये नेलं. तेव्हा आसऱ्याला आलेल्यांना इथं आतच मारलं. बाकांवर त्यांचे कपडे ठेवलेत. एक छोटा फ्रॉक, मातीच्या रंगाचा झालेला. 'आमच्या बापा' ही प्रार्थना सुरू झाली. क्षमेच्या ओळीला माझं तोंड मिटलं, नेहमीसारखं.
फादरांना विचारलं, तेव्हा देव कुठे होता? ते तिथंच गुडघ्यांवर बसले. बरं केलं.

२५ एप्रिल
आज फार चुकले.
एका खेड्यात म्हातारा-म्हातारीपाशी नेलं. शेजारी आहेत. म्हातारा सारखे डोळे पुसत होता. म्हातारी शेंगा सोलत हसून बोलत होती. मला वाटलं, ह्या बिचाऱ्याचंच सगळं गेलं असणार. सुकेळी त्याच्या हातात दिली. आणि रोझरीची प्रार्थना झाल्यावर आपण थोरांपुढे हात जोडतो ना, तसे जोडून आशीर्वाद मागितला.
त्यानं हात मागे घेतला. दुभाषी बाई म्हणाली, "ते म्हणतात, ह्या हातानं हिचा नवरा मारला, मुलगा मारला. हा हात ते कुणाच्या डोक्यावर ठेवत नाहीत."
सुकेळी परत हिसकावून घ्यावी असं वाटलं. खरंच वाटलं.
म्हातारीला विचारलं, माफ केलंत ह्याला? म्हणाली, "काल केलं होतं. आज सकाळी उठले तेव्हा नव्हतं. उद्याचं माहीत नाही." मग एक सुकेळं मोडलं, अर्धं त्याला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. गोड आहे म्हणाली.
ती खोटं बोलली नाही. तेवढंच तर बघायला आले होते. मग गाडीत रडू का आवरेना…

२ मे
घरी. मोगरा पेद्रूनं जगवलाय. कुंपणापलीकडून कुणीतरी पाणी सोडत होतं, म्हणाला. नाव घेतलं नाही, मीही विचारलं नाही.

८ मे
आळीतल्या क्रुसापाशी मे महिन्याची रोझरी. जोएल गेल्यापासून गेले नव्हते. आज गेले, मागे उभी राहिले. क्षमेच्या ओळीला ओठ हलले. आवाज नाही.
शेवटी मुलं रीतीप्रमाणे रांगेनं थोरांचे आशीर्वाद घेऊ लागली. सॅबीही त्यांच्यात. पेद्रूनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. किती वेळ ठेवला!
मग तो माझ्यापुढे. हात जोडलेले, मान खाली. मानेवर एक तीळ आहे, लहानपणापासूनचा. विसरलेच होते.
आशीर्वाद उजव्या हातानं द्यायचा. उजव्या हातात मेणबत्ती होती. ती डाव्या हातात घेतली. घेताना मेण सांडलं, बोटं पोळली. वर बघितलं तर तो पुढच्या बाईपाशी गेला होता.
घरी येताना पेद्रूनं विचारलं, "हाताला काय झालं?"
काही नाही म्हटलं.
उद्याही रोझरी आहे.