ओढ्याचा पत्ता

दादा,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

पावसाळी जंगलात आपल्याला सापडलेला नवा बेडूक तुझ्या शोधनिबंधात झळकला. पण ओढ्याचे अक्षांश-रेखांश कशाला छापलेस? मी हात जोडले होते. तू हसलास, "वेडाबाई, विज्ञानात लपवाछपवी चालत नाही!" मग चोरांनीही तेच वाचलं. महिनाभरात पिशव्या भरभरून बेडूक हौशी पाळणाऱ्यांना विकायला नेले. काल सबंध ओढा पालथा घातला, एकही ओरडला नाही. तुझ्या बरणीतले दोन तेवढे उरले, तेही मेलेले.

पलीकडच्या डोंगरात मला आणखी एक नवी जात सापडली आहे. हे पत्र मी टाकणार नाही. पाकिटावरचा इथल्या टपालाचा शिक्का पाहून तू तिथवर पोचशील.

तुझ्यावर अजूनही माया असलेली,
धाकटी